हवेची कयाक घ्यायची का? खान्देशातल्या पाण्याचा, काट्यांचा आणि उन्हाचा हिशोब

हवेची कयाक, म्हणजे हवा भरून फुगवायची आणि वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घ्यावी का याचं आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं नंतर वाचा. घरापासून तासाभराच्या आत होडी घालू देतील असं पाणी असेल, तिथवर बाभळीचे काटे न तुडवता जाता येत असेल, आणि दिवाळी ते होळी या काळात महिन्यातून दोन-तीन सकाळी तुम्ही खरंच उठून निघणार असाल, तर घ्या. यातलं एक जरी नसेल तर थांबा, कारण मग ती वस्तू माळ्यावर जाणार आणि दरवर्षी आवराआवरीच्या वेळी घरातले तुम्हाला तिच्यावरून ऐकवणार.

आता यात आपण नेमके पैसे कशाचे देतो ते बघू. साधी कडक प्लास्टिकची कयाक तीनेक मीटर लांब, वजन वीस-तीस किलो, गाडीच्या टपावर कॅरिअर लावून न्यायची, आणि जळगाव-धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचकेत राहणाऱ्याने ती ठेवायची कुठे, जिन्यात? हवेची कयाक घडी करून बॅगेत जाते, दहा ते अठरा किलो, डिकीत मावते, मागे बसणारा जरा धट्टाकट्टा असला तर मोटारसायकलवरूनही नेता येते. म्हणजे तुम्ही जास्तीचा पैसा देताय तो जागेचा आणि वाहतुकीचा. पाण्यावर ती कडक कयाकपेक्षा सरस नाही, बहुतेक बाबतीत थोडी कमीच आहे. त्यामुळे ज्याचं रावेर-यावलकडे तापीकाठी शेत आहे, शेतात शेड आहे आणि शेडपासून पाणी दोनशे पावलांवर आहे, त्याने हवेच्या भानगडीत पडूच नये, कडक घ्यावी, ना पंप मारायचा ना वाळवायची. दुकानदार हे सांगत नाही कारण त्याच्याकडे कडक कयाक बहुतेक नसतेच.

घ्यायचीच म्हटली तर साधारण तीन जाती आहेत. पहिली पातळ प्लास्टिकची, पोहण्याच्या तलावातल्या खेळण्यांच्या मटेरियलची मोठी भावंडं. इंटेक्सची एक्सप्लोरर के-टू यातलीच, ३.१२ मीटर लांब, दोघांची, कंपनी १८० किलो क्षमता सांगते. दुसरी जात म्हणजे आत प्लास्टिकचे फुगे आणि वरून जाड पॉलिस्टर कापडाचं कव्हर, काटा लागला तर आधी कव्हरला लागतो. तिसरी जात ड्रॉप स्टिचची. गादीवाला गादीला टाके मारतो ना, वरचं आणि खालचं कापड एकमेकांना धरून राहावं म्हणून, तसेच हजारो धागे या कयाकच्या तळात वरच्या-खालच्या थराला बांधून ठेवतात, त्यामुळे कितीही हवा भरली तरी तळ फुगून गोल होत नाही, पाटीसारखा सपाट आणि कडक राहतो. काहींचा फक्त तळ असा असतो आणि बाजूचे फुगे साधे, काहींचं सगळंच ड्रॉप स्टिच. ही जात सगळ्यात वेगात चालते आणि सगळ्यात महाग असते. (याशिवाय दोन-चार किलोचे पॅकराफ्ट मिळतात, पाठीवर टाकून डोंगर चढून जाणाऱ्यांसाठी, तो वेगळा छंद आहे, इथे सोडून देतो.)

जात ओळखायची सोपी खूण म्हणजे हवेचा दाब, तो पीएसआयमध्ये मोजतात. पातळ प्लास्टिकवाल्या साधारण १ पीएसआयच्या आसपास, कापडी कव्हरवाल्या बऱ्याचशा दीड ते तीनच्या मध्ये, ड्रॉप स्टिच ६ ते १०. कारच्या टायरात तीसच्या आसपास असते हे लक्षात घ्या, म्हणजे आपण खूप कमी दाबाबद्दल बोलतोय. आणि म्हणूनच पंक्चरच्या दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर चुकूनही लावायचा नाही, त्याला दोन-तीन पीएसआय कळतच नाही, तुम्ही "बस बस" म्हणेपर्यंत शिवण उघडलेली असते. दोन्ही बाजूंनी हवा मारणारा हातपंप आणि सोबत गेज, एवढं पुरतं.

आता उन्हाचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण या वस्तूंची माहिती लिहिणारे बहुतेक थंड देशातले, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बंद फुग्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो हे शाळेत शिकलोय, पण किती वाढतो ते हिशोब केल्यावर डोळे उघडतात. गेज जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा असतो, आणि बाहेरच्या हवेचा स्वतःचा दाब १४.७ पीएसआय आहे. जानेवारीतली सकाळ धरा, १५ अंश, तुम्ही साध्या कयाकमध्ये १ पीएसआय भरली, म्हणजे आत खरा दाब १५.७. मग तास-दोन तास फिरून आलात, होडी काठावर ओढून ठेवली, चहा-पोहे सुरू झाले, गप्पा लांबल्या, आणि गडद रंगाचं ते प्लास्टिक उन्हात तापून आतली हवा ५० अंशांवर गेली. तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचं (अंशांत २७३ मिळवायचे), २८८ चं ३२३ झालं, म्हणजे दाब १२ टक्क्यांनी वाढून १७.६ झाला. आता त्यातून १४.७ वजा करा. २.९! भरली होती १, झाली जवळजवळ ३. प्रत्यक्षात पातळ प्लास्टिक ताणलं जातं म्हणून आकडा थोडा कमी येईल, पण ते ताणलं जाणं हेच तर नुकसान आहे, शिवणी तिथेच सुटतात. हाच हिशोब ८ पीएसआयच्या ड्रॉप स्टिचला लावला तर ८ चे पावणेअकरा होतात, म्हणजे तिप्पट वगैरे काही नाही, एक तृतीयांश वाढ. गंमत बघा, कमी दाबाची स्वस्त होडी ऊन लागल्यावर तिच्या मानाने जास्त धोक्यात असते. काहींना जादा दाब आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह असतो, आपल्या हवामानात तो असलेली मिळाली तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. नसेल तर नियम एकच, पाण्यातून बाहेर काढली की लगेच व्हॉल्व्ह दोनदा दाबून थोडी हवा सोडायची, भले परत भरावी लागो.

याचं उलटंही होतं. काठावर उन्हात टम्म भरली आणि थंड पाण्यात टाकली की पाचच मिनिटांत ती ढिली लागायला लागते आणि माणूस घाबरतो की गळतेय. गळत नसते, आतली हवा थंड होऊन दाब उतरलेला असतो. म्हणून थोडी कमी भरायची, पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवायची, मग वरून चार पंप मारायचे.

आणि ठेवायची कुठे तर पत्र्याच्या खोलीत नाही, गच्चीवर नाही, मे महिन्यात कारच्या डिकीत तर अजिबात नाही. चिकटवलेल्या शिवणींचा गोंद उष्णतेने मऊ पडतो (उष्णतेने वितळवून जोडलेल्या, म्हणजे वेल्डेड शिवणी जास्त टिकतात, घेताना विचारा). पलंगाखालची जागा उत्तम, फक्त उंदरांचा बंदोबस्त करा.

दुसरा शत्रू काटे. धरणाचं पाणी जसं मागे हटतं तसा काठ उघडा पडतो आणि आपल्याकडे त्या काठावर वेडी बाभूळ माजलेली असते. हतनूर घ्या, वाघूर घ्या, गिरणा धरण घ्या, सगळीकडे तेच. तोडून नेलेल्या बाभळीच्या फांद्यांचे तुकडे गाळात रुतून बसतात आणि वरून दिसत नाहीत. बुडालेल्या जुन्या झाडांची खोडं पाण्याखाली वीतभर असतात ती वेगळीच. पण गंमत म्हणजे बरीच पंक्चर बाहेरून होतच नाहीत, आतून होतात. चपलेच्या तळव्यात काटा मोडून बसलेला असतो, तुम्ही तीच चपल घालून आत बसता, टाच टेकवून जोर देता, आणि काटा तळात. म्हणून चढायच्या आधी चपला धुवायच्या आणि तळवा हाताने चाचपायचा. हवा भरताना खाली अंथरायला खताच्या चार रिकाम्या गोण्या उसवून शिवून घ्या, महागड्या मॅटची गरज नाही.

पंक्चर झालंच तर बुडाल का, तर नाही. बऱ्याचशा कयाकमध्ये निदान तीन वेगळे कप्पे असतात, दोन बाजूचे आणि एक तळाचा, एक गेला तरी बाकीचे तरंगवत काठापर्यंत आणतात. खरी अडचण दुरुस्तीची. नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे नेली तर तो बिचारा आपलं रबर सोल्युशन लावून ठिगळ देईल, ते पीव्हीसीवर धरत नाही, दुसऱ्या दिवशी नखाने निघतं. मग आपल्या भागात पुढचा सल्ला ठरलेला, "अहो ठिबकच्या पाइपाचं सोल्युशन लावा ना, पीव्हीसीच आहे." घरोघरी त्याचा डबा असतोच. पण ते सोल्युशन कडक पाइपासाठी बनवलेलं, वाळल्यावर कडक होतं, आणि ही होडी घडी होणारी, दुसऱ्याच घडीला तिथे तडा जातो. लवचिक पीव्हीसीसाठीचा गोंद वेगळा मिळतो, फुगवायच्या होड्यांच्या रिपेअर किटमधला, तो घेऊन ठेवा. साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधायचं, जागा पुसून कोरडी करायची, ठिगळाचे कोपरे गोल कापायचे कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो, आणि चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. घाई केली की परत तेच.

कापडी कव्हरवालीला काट्यांपासून संरक्षण जास्त, हे खरं, पण तिची वेगळी कटकट आहे. कव्हर आणि फुगा यांच्या मधे पाणी आणि रेती शिरते. पाणी राहिलं तर बुरशी आणि वास, रेती राहिली तर ती फुग्याला आतून घासत राहते. प्रत्येक वेळी चेन उघडून झटकायची आणि सावलीत वाळवायची. आपल्याकडची कोरडी हवा इथे मात्र मदतीला येते, हिवाळ्यात दोन-तीन तासांत काम होतं, कोकणातल्यांना हे सुख नाही.

वारा. हवेची कयाक पाण्यावर उंच तरंगते, खाली फार रुतत नाही, त्यामुळे वारा तिला ढकलतो. तळाला लावायची फिन (माशाच्या परासारखी पट्टी) सोबत येते, ती लावली नाही तर होडी सरळ जायचं नाव घेत नाही, प्रत्येक वल्ह्याला तोंड फिरवते. शांत पाण्यात नवखा माणूस तासाला तीन-चार किलोमीटर जातो असं धरा, समोरून वारा असला की याचं निम्मंही होत नाही. हतनूरच्या किंवा उकाई धरणाच्या नवापूरकडच्या फुगवट्यासारख्या मोकळ्या पाण्यावर दुपारी वारा उठला की काठ दिसतो पण जवळ येत नाही. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, दमल्यावर वाऱ्यासोबत परत यायचं, आणि दहा-साडेदहाला पाण्याबाहेर. मे-जूनमध्ये नाव काढू नका, वावटळ कधी येईल सांगता येत नाही.

वजनाचं थोडक्यात. कंपनीची क्षमता म्हणजे तरंगण्याची हद्द, मजेत चालवायची नाही. वरच्या के-टूमध्ये ऐंशी-ऐंशी किलोचे दोन भाऊ बसले की १६० झाले, बॅग, पाणी आणि डबा धरला की १८० ला हात लागला, होडी मधे वाकते आणि चिखलातून ओढल्यासारखी जड चालते. क्षमतेच्या दोन तृतीयांश वजन हे खरं वजन समजा. म्हणजे दोघांची म्हणून विकतात ती बऱ्याचदा एक मोठा माणूस आणि एक पोरगं एवढ्यांची असते.

आता पाणी कुठे आणि परवानगी कोणाची. आपल्याकडची मोठी पाणी बहुतेक धरणांची, म्हणजे जलसंपदा विभागाची. वाघूर जळगाव शहराला पिण्याचं पाणी देतं, धुळ्यात नकाणे तलावाचंही तसंच, अशा ठिकाणी सरळ उतरायचं नाही, आधी कार्यालयात विचारायचं. शहरातला मेहरूण तलाव किंवा तोरणमाळचा यशवंत तलाव इथेही स्थानिक लोकांना विचारल्याशिवाय नको. मासेमारीचा ठेका सोसायटीकडे असतो, जाळी पसरलेली असतात, थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, फिन त्यात अडकली तर त्यांचं नुकसान आणि तुमची फजिती. मासेमारांशी दोन शब्द बोलून घेतले की मात्र सगळं सोपं होतं, खोडं कुठे, गाळ कुठे, उतरायला टणक जागा कुठे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. आधी "हाई कितलाले पडनी भाऊ?" हे विचारतील, आकडा ऐकून हसतील, मग सांगतील. आणि पाणी हटलेल्या जागेवर गाळपेर केलेली असते, कोणाच्या तरी पिकातून होडी ओढत नेऊ नका.

फेब्रुवारी संपता संपता पाणी इतकं मागे जातं की गाडी लावली तिथून पाणी चांगलंच लांब, आणि शेवटचा पट्टा गुडघाभर गाळाचा. पंधरा किलोची बॅग, पंप, वल्ही घेऊन त्यातून जाऊन बघा, छंदाची परीक्षा तिथेच होते. बॅगेला नीट पट्टे आहेत का हे दुकानातच पाठीवर घेऊन बघावं ते यासाठी.

नदीबद्दल मात्र कडक बोलतो. पावसाळ्यात तापीत, पांझरेत, गिरणेत हवेची होडी नको म्हणजे नको. तापी उगम पावते मध्य प्रदेशात मुलताईला, पूर्णा येते मेळघाटाकडून, दोन्ही चांगदेवला मिळतात, त्यामुळे तिकडे पाऊस झाला की भुसावळात कडक ऊन असतानाही हतनूरचे ४१ दरवाजे उघडलेत अशी बातमी येते. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजच्या खाली आणि वर दोन्हीकडे लांब राहायचं, बांधावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि त्यात सापडलेली तरंगती वस्तू बाहेर पडत नाही, माणूस पण. गिरणेत तर उन्हाळ्यातही भरवसा नाही, कोरडी दिसते आणि वरून धरणातून पाण्याचं आवर्तन सुटतं.

लाइफ जॅकेटचा खर्च होडीच्या किमतीतच धरा, वेगळा "नंतर बघू" म्हणून नाही. जॅकेटवर न्यूटनचा आकडा असतो. ५० न्यूटन हे पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असेल तेव्हाचं. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं घ्या, ते जरा अवजड असतं, वल्हवताना टोचतं, तरी तेच.

पैशाचा हिशोब कागदावर करा. समजा सगळं धरून, होडी, जॅकेट, पंप, गोंद, २४ हजार गेले. चार हिवाळे टिकली आणि दर हिवाळ्यात बारा वेळा गेलात तर एका खेपेला ५०० रुपये, यात तक्रारीला जागा नाही. पण वर्षातून तीनदाच जाणार आणि तिसऱ्या वर्षी शिवण गेली, तर एका खेपेला २,६००च्या वर पडली, त्यापेक्षा कोकणात-गोव्यात फिरायला जाल तेव्हा खाडीत तासभर भाड्याने चालवलेली बरी. तशी एकदा चालवून बघाच घ्यायच्या आधी, गुडघे लांब करून तासभर बसणं प्रत्येकाच्या कंबरेला झेपत नाही. आणि प्रत्येक खेपेत भरणं, सोडणं, वाळवणं, घडी करणं मिळून तास जातो हे धरा, दोन तासांच्या फिरण्याला एक तास खटाटोप.

माझं मत विचाराल तर आपल्या भागात कापडी कव्हरवाली, मधल्या दाबाची, जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेली. पातळ प्लास्टिकवाली आपल्या काट्यांपुढे आणि उन्हापुढे टिकणं अवघड, आणि पूर्ण ड्रॉप स्टिच ही लांब पल्ले मारणाऱ्यांची, रविवारच्या सकाळसाठी एवढा पैसा नको. त्यातही एकट्याने घेण्यापेक्षा वर्गणी काढा. हिवाळ्यात भरीत पार्टीला जे चौघं-पाच जण शेतावर जमतातच त्यांनाच पटवा, सीझन तोच आहे, वांगी तेव्हाच, शांत पाणी तेव्हाच. फक्त होडी कोणाच्या घरी राहणार आणि वाळवायची कोणी हे आधीच ठरवा, नाहीतर ओली घडी करून दुसऱ्याच्या दारात ठेवून जाणारा एक तरी निघतोच.

घ्यायची वेळ म्हणजे पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे सीझन पुढे पूर्ण मिळतो. ऑनलाइन घेतली तर परत करायची मुदत संपायच्या आत घरीच तपासा. हॉलमधलं फर्निचर सरकवा, कंपनीने लिहिलेल्या दाबापर्यंत भरा, शिवणींवर आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचा फेस फिरवा, आणि चोवीस तास तशीच राहू द्या, पोरांना वर चढू देऊ नका. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला गेज लावून बघा, सकाळी भरली असेल तर सकाळीच, कारण दुपारी बघितली तर ऑक्टोबरच्या उकाड्याने आतली हवा फुगलेली असते आणि गळत असली तरी ती कडकच लागते.